फ्यूज वाटेत आहे

नोकरीची शेवटची काही वर्षं मी शर्यतीच्या गाडीच्या वायरी लिहिण्यात घालवली. वायरी जोडण्यात नाही, लिहिण्यात. हे सांगितलं की नातेवाईक गप्प होतात. माझ्या नणंदेनं तर एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "म्हणजे तू वायरीवर नावं टाकतेस का, भांड्यावर टाकतात तशी?" मी हो म्हणून मोकळी झाले, कारण ते फारसं खोटं नव्हतं.

मी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्युत विभागात आरेखक होते. आरेखक म्हणजे नकाशे काढणारी. संगणक आल्यावर नकाशे मुलंच काढू लागली आणि मला काम उरलं ते फलक रंगवायचं आणि प्रयोगशाळेच्या कपाटांना कुलूप लावायचं. अशात आमच्या पोरांनी विजेवर चालणारी रेसिंग कार बनवायला घेतली. एक माणूस बसेल एवढी, जमिनीला चिकटलेली, मगरीसारखी लांब गाडी. दरवर्षी देशभरातली कॉलेजं अशा गाड्या घेऊन तमिळनाडूतल्या एका ट्रॅकवर जमतात.

पण गाडी बनवली म्हणजे झालं असं नाही. या गाडीत तीनशे व्होल्टची बॅटरी असते, आणि तिच्यावर जवळजवळ मांडी घालून एक पोरगी किंवा पोरगा बसलेला असतो. म्हणून स्पर्धेच्या आधी काही महिने एक फॉर्म भरून पाठवावा लागतो. फॉर्म म्हणजे रेशनकार्डाचा असतो तसा नव्हे. दीडशे पानं. गाडीतली प्रत्येक वायर कुठून निघते, कुठं पोचते, किती जाड आहे, तिच्यावर कोणतं आवरण आहे, ती तुटली तर काय होईल, हे सगळं त्यात लिहायचं. परीक्षक तो फॉर्म वाचतात, शंका काढतात, उत्तरं मागतात. फॉर्म पास झाला नाही तर गाडी फाटकातून आत घेत नाहीत.

पहिल्या वर्षी हा फॉर्म मुलांनीच भरला. परीक्षकांनी विचारलं, मुख्य फ्यूज कुठे आहे? मुलांनी लिहिलं, "वाटेत आहे."

परीक्षक बिचारे सज्जन. त्यांना वाटलं, विजेच्या वाटेत आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, वाटेत म्हणजे नेमका कोणत्या ठिकाणी?

मुलांनी लिहिलं, "काल परभणीत होता."

फ्यूज पुण्याहून कुरिअरनं निघाला होता. त्याच फॉर्ममध्ये बॅटरीची जागा 'टेबलाखाली' अशी दिली होती आणि एका रिलेचं, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या खटक्याचं, कार्य काय, याला 'हा फार उपयोगी आहे' असं उत्तर होतं. परीक्षकांचं शेवटचं पत्र एका ओळीचं आलं. ती ओळ मी इथं देत नाही.

दुसऱ्या वर्षी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. म्हणाले, "हा फॉर्म आता तुम्ही बघा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"सर, फॉर्म टाइप करायचा असतो."

"मग तर सोपंच झालं," ते म्हणाले.

मुलं वाईट नव्हती, हुशारच होती. पण बहुतेक सगळी लातूरच्या क्लासमधून तावून सुलाखून आलेली. दोन वर्षं पहाटेपासून फक्त गोल काळे केलेले. गणित तोंडावर फेकलं तर झेलतील, पण एक सलग वाक्य लिही म्हटलं की घाम फुटायचा. वायरिंगचं काम बघणारा बालाजी हिमायतनगरचा. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "ही वायर काय करते ते तुझ्या शब्दांत लिही." त्यानं कागद उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाला, "मॅडम, पर्याय काय हायेत?"

संघाची कप्तान आणि गाडी चालवणारी प्रतीक्षा भोकरची. अंगानं काडी, आवाजानं हवालदार. ती बालाजीला म्हणाली, "अरे, चारपैकी एक नसतंय हे. डोक्यातून काढायचंय."

"डोक्यातून काढलं की चूक झाल्यावर कोणाचं नाव घ्यायचं?" बालाजी म्हणाला. त्याचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता.

मी एक नियम घातला. ज्या वस्तूला मी स्वतः गाडीत हात लावलेला नाही, ती फॉर्ममध्ये लिहायची नाही. मुलांना हा बायकी हट्ट वाटला. खरं कारण मी त्यांना बऱ्याच उशिरा सांगितलं. ते असं.

मोठा भूकंप झाला तेव्हा मी लातूरला एका नकाशाच्या कार्यालयात नवीनच लागले होते. किल्लारीच्या बाजूला नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, आणि त्यातल्या एका वसाहतीच्या घरांच्या वायरिंगचा नकाशा मी काढला. एकच नकाशा, त्याच्या शेकडो प्रती. मला त्याचा फार अभिमान होता. वर्षभरानं तिथला एक म्हातारा बाप्या कार्यालयात आला, टोपी काढून बसला आणि म्हणाला, "बाई, तुमचं बटन दाराच्या मागं हाय."

मला कळेना. त्यानं माझ्या टेबलावरचं रजिस्टर उभं धरलं आणि दार कसं आत उघडतं ते दाखवलं. "दार उघडं असलं की बटन न्हाई घावत. बटन दाबायचं तर दार लावावं लागतंय. आन् दार लावून घरात कोण बसतंय आता? सगळे अंधारातच ऱ्हातेत."

भूकंपात जे दारामागं अडकले ते बाहेर आलेच नव्हते. त्या वसाहतीत कोणी दार लावत नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं. कारण मी तिथं एकदाही गेले नव्हते. त्यानंतर बटनं हलवली गेली, पण वेळ गेला. तेव्हापासून कागदावर काही लिहिण्याआधी माझा हात आपोआप पुढं जातो.

तर हात लावायचा म्हटल्यावर गाठ पडली जब्बारभाईंशी. ते आमच्या प्रयोगशाळेचे वायरमन. नांदेडच्या जुन्या वस्तीत त्यांच्या तीन पिढ्या लग्नाच्या मांडवाला रोषणाई करत आलेल्या. हात असा की वायर त्यांच्या बोटात आपण होऊन वळायची. गाडीचं सगळं वायरिंग त्यांनी मुलांना शिकवत शिकवत केलं होतं, आणि ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागद म्हणून एक चिठ्ठी नाही.

"जब्बारभाई, ही निळी वायर कुठं जाते?"

"वो? वो उधर जाती."

"उधर म्हणजे कुठं?"

"मॅडम, वायर है. हज को थोडी जा रही. दोन फूट जाऊन थांबते."

या गाड्यांमध्ये मोठ्या विजेच्या वायरी आणि दिवे, पंप वगैरेंच्या छोट्या विजेच्या वायरी एकमेकींना लागू द्यायच्या नसतात. जब्बारभाईंनी ते लक्षात ठेवण्यासाठी आपली पद्धत काढली होती. बॅटरीकडून मोटरकडे जाणारा नारंगी जाड जुडगा म्हणजे 'भाभी', आणि छोट्या विजेचा काळा जुडगा म्हणजे 'सास'. "दोनों को पास नक्को रखो," ते मुलांना सांगायचे. "पास आए तो स्पार्क होता." मुलांच्या हे असं डोक्यात बसलं की नकाशावरही त्यांनी तेच लिहिलं. माझी नजर चुकली आणि फॉर्म तसाच गेला.

आठवड्यानं शंका आली. परीक्षक मराठी नव्हते, हिंदी भाषकही नसावेत. त्यांनी नम्रपणे विचारलं होतं की नकाशात BHABHI असा उल्लेख आहे, याचं पूर्ण रूप कळवावं.

मी डोकं धरून बसले. प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, खरं लिहू का? गमतीनं लिहिलं होतं म्हणून?" बालाजी मात्र खुर्ची ओढून संगणकासमोर बसला, दोन मिनिटं छताकडं बघितलं आणि टाइप केलं: बॅटरी हाय अँपिअर बस हार्नेस इंटरफेस.

आम्ही अक्षरं मोजली. बरोबर होती.

"आन् सास?" प्रतीक्षानं विचारलं.

"सेफ्टी अँड ऑक्झिलरी सप्लाय," बालाजी म्हणाला. "त्यात काय एवढं."

परीक्षकांचं उत्तर आलं की नावं सुटसुटीत आहेत, आणि भाभी व सास यांच्यातलं अंतर नियमापेक्षा जास्त ठेवल्याबद्दल अभिनंदन. जब्बारभाईंना वाचून दाखवलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "ये बात मेरे घर में कोई नहीं समझता."

त्या वर्षी फॉर्म पास झाला. दीडशे पानांवर 'मंजूर' असा शेरा आला त्या दिवशी मुलांनी विभागात नाच केला आणि मी कपाटांना कुलूप लावायचं विसरले.

आता खरी गोष्ट. फॉर्म पास झाला तरी ट्रॅकवर परीक्षक तो हातात धरून गाडी तपासतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी ठरवलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं पुन्हा हात लावून बघायचं. चार वाजता प्राचार्य नारळ फोडायला येणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी टेम्पोत चढणार होती.

साठ पानं सरळ गेली. एकसष्टाव्या पानावर तीन आपत्कालीन बटनांची माहिती होती. गाडीत काही बिघडलं तर यातलं कुठलंही एक दाबायचं, मोठी वीज बंद. एक चालकासमोर, आणि दोन त्याच्या पाठीमागं गाडीच्या डाव्या-उजव्या अंगाला, बाहेरच्या माणसाला दाबता यावीत म्हणून. समोरच्या बटनाबद्दल आम्ही लिहिलं होतं की पट्टा बांधलेल्या चालकाचा हात तिथं पोचतो.

"पोचतो का ते बघते," मी म्हटलं, आणि पदर खोचून गाडीत बसले.

ती सीट प्रतीक्षाच्या अंगाच्या मापावरून साचा काढून बनवलेली होती. प्रतीक्षा काडी, हे मी आधी लिहिलंच आहे. मी तेव्हा चोपन्न वर्षांची, दोन लेकरांची आई. बसताना जरा जोर लावावा लागला, पण बसले. मोठी बॅटरी जोडलेली नव्हती. छोट्या विजेवर बटन दाबलं की आतला एक रिले टक असा वाजतो, तेवढं ऐकायचं होतं. समोरचं बटन दाबलं, टक. बालाजीला उजवं दाबायला सांगितलं, टक.

"आता डावं."

"दाबलं मॅडम."

"दाब की."

"दाबूनच राहिलो."

टक नाही. मी जब्बारभाईंकडं बघितलं. ते छताच्या पंख्याकडं बघत होते.

हळूहळू उलगडा झाला. बालाजीला बोलताना गाडीला टेकून उभं राहायची सवय. तो टेकला की त्याचं कोपर डाव्या बटनावर पडायचं आणि चाचणी बंद व्हायची. असं दिवसातून दहा वेळा झाल्यावर जब्बारभाईंनी सीटच्या मागं वायरीचा एक तुकडा जोडून ते बटन विजेच्या वाटेतूनच काढून टाकलं होतं. तात्पुरतं. त्याला दोन महिने झाले होते.

"मॅडम, कागदावर तर बरोबरच हाय," बालाजी म्हणाला. "पास झालंय ते. आता सीट उघडली तर उद्या टेम्पोपर्यंत बसायची न्हाई. तिथं बाकीची दोन बटनं चालतेतच की."

"आणि परीक्षकानं डावं दाबलं तर?"

"तिथं जाऊन करू," तो म्हणाला, पण आवाज पडला होता.

प्रतीक्षा वाकून त्या डाव्या बटनाकडं बघत होती. ट्रॅकवर गाडीत तीच बसणार होती. तिच्या त्या बघण्यानं माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी बाणेदारपणे जाहीर केलं, "हे बटन दुरुस्त झाल्याशिवाय मी या गाडीतून उठणार नाही!"

मला स्वतःचाच आवाज आवडला. मग प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, बरोबर आहे तुमचं. उघडू आपण. उठा."

मी उठायला गेले आणि लक्षात आलं की उठता येत नाही.

दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं. पुढून ओढलं, मागून ढकललं. कोणीतरी साबण सुचवला, त्याला मी नजरेनंच गप्प केलं. शेवटी जब्बारभाई हात पुसत पुढं आले. "मॅडम, वायर सीट के पीछे है. सीट तो निकालनी ही है. सीट निकली तो तुम भी निकले."

चार बोल्ट काढले. दोघं डावीकडून, दोघं उजवीकडून, असं मला सीटसकट उचलून बाहेर काढलं. मी फॉर्म छातीशी धरला होता, कारण पानं सुटी होती. आणि नेमके तेव्हाच दारातून प्राचार्य आत आले. मागं विभागप्रमुख, त्यांच्या मागं नारळाचं ताट घेतलेला शिपाई.

प्राचार्य नवीन होते. त्यांनी खांद्यावर उचललेली, सीटमध्ये बसलेली प्रौढ बाई बघितली, क्षणभर विचार केला आणि शिपायाच्या ताटातला हार उचलून माझ्या गळ्यात घातला.

"वा!" ते म्हणाले. "या वयात! कॉलेजचं नाव काढा."

"सर, त्या चालवत नाहीत," विभागप्रमुख म्हणाले.

"मग काय करतात?"

विभागप्रमुखांनी माझ्याकडं बघितलं. "सर, यांचं अक्षर फार चांगलं आहे."

प्राचार्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि रिकाम्या गाडीसमोर नारळ फोडला. ते गेल्यावर प्रतीक्षानं मागं हात घालून बघितलं, तर साडीची पिन पट्ट्याच्या कडीत अडकली होती. ती काढली आणि मी सुटले. म्हणजे दोष सगळा माझ्या मापाचा नव्हता, हे नोंदवून ठेवते.

जब्बारभाईंनी तो तुकडा तोडला, बटन पुन्हा जोडलं. बालाजी शेजारी उकिडवा बसून वायर धरून होता. डावं बटन दाबलं. टक. मी एकसष्टाव्या पानावर खूण केली. पण सीट परत बसवता बसवता दिवस मावळला, मला वॉचमननं बाहेर काढलं, आणि पुढची पानं तशीच राहिली. म्हटलं, मंजूर झालेली आहेत, मुलांनी आधी बघितलेली आहेत. हे माझंच वाक्य, दुसऱ्या कोणाचं नाही.

ट्रॅकवर परीक्षकानं तिन्ही बटनं दाबली आणि शेरा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ धावेची, म्हणजे सरळ पट्ट्यावर गाडी जोरात पळवायची, पाळी आली. आजवर मी ती गाडी स्टँडवर किंवा ढकलतानाच बघितली होती. प्रतीक्षा हेल्मेट घालून बसली, झेंडा पडला, आणि गाडी सूंऽ करून गेली. इंजिनाचा आवाज नाहीच. जब्बारभाई म्हणाले, "चालू हुई क्या?" तोवर ती रेषेपलीकडं पोचलीसुद्धा होती. आमच्या तोंडून जो ओरडा निघाला तो गाडीपेक्षा मोठा होता.

पलीकडं ती थांबली, टायरांच्या भिंतीला उजवं अंग लावून. आणि सीटच्या खालून धूर निघाला.

फार नव्हता, उदबत्तीपेक्षा थोडा जास्त. पण लांबून किती ते कळत नाही. प्रतीक्षा पट्टा सोडायला धडपडत होती, हातमोज्यात तिला तो सुटत नव्हता. समोरचं बटन दाबायचं ती विसरली होती. मोठी वीज चालू असेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असा तिथला नियम. गाडीवरचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे ती चालूच होती. उजवं बटन टायरांच्या आड. एक स्वयंसेवक धावत आला आणि त्यानं डावं बटन दाबलं. लाल विझला, हिरवा लागला. मग त्यानं पट्टा सोडवला आणि प्रतीक्षाला काखेत धरून बाहेर काढलं.

मी कशी पोचले आठवत नाही. प्रतीक्षा गवतावर बसली होती. "मला काय झालं न्हाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बालाजी तिच्यासमोर उभा होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

तपासल्यावर कळलं. पाणी फिरवणाऱ्या पंपाची एक वायर सांगाड्याच्या कडेला घासून सोलली होती. तिथं एक क्लिप असायला हवी होती. फॉर्म लिहिताना मी तिला हात लावला होता, नंतर कामात ती काढली गेली आणि परत लावायची राहिली. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ती क्लिप होती. गाडीत नव्हती.

परीक्षक म्हणाले, काय घडलं ते लेखी द्या, मग पुढचं बघू. मी पिशवीतून कागद काढला. "द्या मॅडम," बालाजी म्हणाला. तो एका जुन्या टायरवर बसला, प्रतीक्षा त्याच्या खांद्यावरून बघत होती. मी दोन पावलं लांब उभी राहिले. पेन उघडून तयार ठेवलं होतं, दुरुस्त्यांसाठी.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "शेवटची तपासणी माझी राहिली होती. माझं नाव लिही."

"न्हाई मॅडम," तो मान वर न करता म्हणाला. "क्लिप लावायचं काम माझं होतं."

अर्ध्या पानात त्यानं सगळं लिहिलं. कोणती वायर, कुठं घासली, क्लिप का राहिली, कोणतं बटन कोणी दाबलं, ते बटन दोन महिने बंद होतं आणि निघायच्या आदल्या दिवशी जोडलं, हेसुद्धा. ते शेवटचं लिहायची काही गरज नव्हती. प्रतीक्षानं विचारलं, "हे ठेवायचं?" तो म्हणाला, "झालंय तर ठेवायचं."

परीक्षकांनी दोनदा वाचलं. मग क्लिपा लावून दुपारी पुन्हा तपासणीला या म्हणाले. आम्ही गेलो, गाडी पुन्हा पळाली, आणि एकूण निकालात आमचा नंबर शेवटून चौथा आला. विभागात तो फलकावर मीच रंगवला, 'शेवटून' हा शब्द जरा बारीक काढून.

पण मला आठवतं ते त्या टायरपाशी उभं राहणं. कागद परीक्षकांकडं जाण्याआधी बालाजीनं माझ्याकडं दिला होता. मी वरपासून खालपर्यंत वाचला. एक शब्द इकडचा तिकडं करायचा नव्हता. खोटं कशाला सांगू, थोडं वाईटच वाटलं. मी कागद परत दिला आणि पेन बंद करायला गेले, तर टोपण कुठं पडलं होतं ते सापडेना.